चारीच्या तोंडाशी पाणी मोजायचं कसं: गेजपट्टीपासून घनमीटरपर्यंत

‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ हा कायदा आल्यापासून शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि आकारणीही घनमीटरवर होते. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावरच्या संस्थांनी तर नव्वदच्या दशकातच मोजून पाणी घ्यायला सुरुवात केली होती. तरीही आजही अनेक संस्थांचे पदाधिकारी चारीच्या तोंडाशी उभे राहून पाटकरी सांगेल तो आकडा वहीत उतरवतात. आकडा बरोबर आहे की नाही हे तपासायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. पाण्याची उंची दाखवणारी एक पट्टी (गेजपट्टी), एक टेप, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि थोडी समज एवढं पुरतं.

सूत्र सहसा चुकत नाही, चुकते ती पट्टी. आणि प्रत्येक चुकीला दिशा असते: काही चुकांमुळे संस्थेच्या नावावर न मिळालेलं पाणी चढतं, तर काहींमुळे मिळालेलं पाणी नोंदीत येतच नाही. ही दिशा ओळखता आली की वाद मिटवणं सोपं जातं. म्हणून हा लेख सूत्रांवर थोडा आणि पट्टीवर जास्त आहे.

आधी एककं पाठ करा

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. १ क्युमेक म्हणजे सेकंदाला १,००० लिटर, म्हणजेच ३५.३ क्युसेक. सेकंदाला १ लिटर पाणी दिवसभर चाललं तर ८६.४ घनमीटर होतं, आणि १ क्युसेक दिवसभर चाललं तर साधारण २,४४७ घनमीटर. जुने कालवा कर्मचारी तोंडी हिशेबासाठी एक आडाखा वापरतात: एक क्युसेक पाणी एक तास चाललं की एक एकरावर एक इंच पाणी उभं राहतं. हा आडाखा जवळजवळ अचूक आहे. एक एकर-इंच म्हणजे सुमारे १०३ घनमीटर आणि क्युसेकचा एक तास म्हणजे १०२ घनमीटर. म्हणजे तीन इंचांची भिजवण द्यायची तर एकराला एका क्युसेकने तीन तास लागतात, अर्थात शेतात पोहोचलेल्या पाण्याने, चारीच्या तोंडाशी मोजलेल्या नव्हे.

खालची बहुतेक सूत्रं मी सेंटिमीटर आणि लिटर प्रति सेकंद यांत मांडली आहेत, कारण पट्टी सेंटिमीटरची असते. पुस्तकात ती मीटर आणि घनमीटरमध्ये सापडतील. दोन्हींची सरमिसळ करू नका.

मोजणीचं साधनच नसेल तर: तरंगता ठोकळा

चारीचा निदान वीस-पंचवीस मीटरचा सरळ तुकडा निवडा, जिथे रुंदी फारशी बदलत नाही आणि गवत कमी आहे. दोन्ही टोकांना दोरी आडवी बांधा. तुकड्यात तीन ठिकाणी वरची रुंदी, तळाची रुंदी आणि खोली मोजून सरासरी काढा. मग लाकडाचा ओला ठोकळा किंवा अर्धं पाणी भरलेली छोटी बाटली वरच्या दोरीच्या दोन मीटर आधी प्रवाहाच्या मध्यावर सोडा. थर्माकोल नको, तो वाऱ्याने पळतो. ठोकळ्याला दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर कापायला किती सेकंद लागतात ते पाच-सहा वेळा मोजा. काठाला घासलेली फेरी धरू नका.

उदाहरण घेऊ. मातीची चारी, तळ ६० सेंमी, पाण्याची खोली ४० सेंमी, बाजूंचा उतार दीडास एक (दीड आडवं, एक उभं). वरची रुंदी १८० सेंमी भरते. छेदाचं क्षेत्रफळ: (०.६ + १.८) ÷ २ × ०.४ = ०.४८ चौरस मीटर. ठोकळ्याने २० मीटर ४८ सेकंदांत कापले, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४१७ मीटर.

आता नेहमीची गफलत. पृष्ठभागावरचं पाणी पळतं, तळाचं आणि कडेचं रेंगाळतं, म्हणून पृष्ठवेगाला गुणक लावायचा असतो. पाठ्यपुस्तकात सर्रास ०.८५ दिलेला असतो. तो खोल प्रवाहाला ठीक आहे. आपल्या चाऱ्या उथळ असतात. ३० सेंमी खोलीला ०.६६, ६० सेंमीला ०.६८, ९० सेंमीला ०.७० हे गुणक वापरा. वरच्या उदाहरणात ०.६७ घेतला तर प्रवाह ०.४१७ × ०.६७ × ०.४८ = ०.१३४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १३४ लिटर येतो. ०.८५ घेतला असता तर १७० आला असता. एका गुणकापायी २७ टक्के फरक! म्हणून ठोकळ्याची मोजणी आकारणीसाठी मान्य करू नका. बसवलेलं साधन धडधडीत खोटं बोलत असेल तर ते पकडायला मात्र ती फार उपयोगी पडते.

मॅनिंगचं सूत्र: चारीची तब्येत पाहण्यासाठी

आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९मध्ये मांडलेलं सूत्र आजही जगभर चालतं:

वेग = (१ ÷ खडबडीतपणा) × (जलीय त्रिज्या)चा दोन-तृतीयांश घात × √(तळाचा उतार)

हे मीटरमध्येच वापरायचं. जलीय त्रिज्या म्हणजे पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओली परिमिती. आपल्या चारीत ओली परिमिती, म्हणजे तळ अधिक दोन्ही ओल्या बाजू, २.०४ मीटर. जलीय त्रिज्या ०.४८ ÷ २.०४ = ०.२३५. तिचा दोन-तृतीयांश घात ०.३८१. उतार दोन हजारास एक असेल तर त्याचं वर्गमूळ ०.०२२४.

खडबडीतपणाचा आकडा साफ मातीच्या चारीला ०.०२२५, थोडं गवत असेल तर ०.०३, दाट गवत आणि बेशरम माजलं असेल तर ०.०४ किंवा त्याहून जास्त, चांगल्या काँक्रीट अस्तरीकरणाला ०.०१५ ते ०.०१८. या तीन मातीच्या आकड्यांनी त्याच ४० सेंमी खोलीला प्रवाह येतो अनुक्रमे सेकंदाला १८२, १३६ आणि १०२ लिटर. ठोकळ्याने १३४ आलं होतं, म्हणजे चारीत थोडं गवत आहे हे गणितानेही सांगितलं.

नुसती चारीतली खोली पाहून ‘पाणी फुल आहे’ असं म्हणण्यात अर्थ का नाही, ते इथे दिसतं. गवत जितकं जास्त, तितकी खोली जास्त आणि पाणी कमी. मोकळ्या चारीत नुसती पट्टी रोवून बिल करत असतील तर हरकत घ्या. गवत वाढलं की संस्था न मिळालेल्या पाण्याचे पैसे भरते.

नॉच आणि वियर: खरी मोजणी इथे

नॉच म्हणजे पत्र्यात कापलेली खाच, वियर म्हणजे चारीत आडवा घातलेला बुटका बांध. पाण्याला धारदार काठावरून मोकळं खाली पडायला लावलं की खोली आणि प्रवाह यांचं नातं पक्कं होतं. गवत, उतार, खडबडीतपणा सगळं हिशेबातून बाहेर पडतं. उरते एकच गोष्ट: माथ्यावर, म्हणजे त्या काठाच्या वर, पाण्याची उंची किती.

९० अंशांचा व्ही-नॉच विहिरीच्या पंपासाठी, पोटचारीसाठी आणि पाझर मोजण्यासाठी:
प्रवाह = ०.०१३८ × उंची × उंची × √उंची

५ सेंमीला ०.७७ लिटर, १० सेंमीला ४.४, १५ला १२, २०ला २४.७, २५ला ४३ आणि ३०ला ६८ लिटर प्रति सेकंद. हा तक्ता पत्र्यावर रंगवून नॉचजवळच लावा.

आयताकृती नॉच, दोन्ही बाजूंनी आखडणारा:
प्रवाह = ०.०१८४ × (लांबी − ०.२ × उंची) × उंची × √उंची

हे फ्रान्सिस यांचं सूत्र. अमेरिकेतल्या लोवेल गावच्या कापडगिरण्यांना कालव्याचं पाणी वाटून देताना, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केलेल्या प्रयोगांतून ते निघालं. तिथेही प्रश्न आपल्यासारखाच होता: कोणी किती पाणी घेतलं आणि पैसे किती द्यायचे.

सिपोलेटी नॉचच्या बाजू चारास एक (चार उभं, एक आडवं) अशा बाहेर कललेल्या असतात. कडेच्या आखडण्यामुळे घटणारं पाणी ही कललेली जागा भरून काढते, त्यामुळे वजाबाकी करावी लागत नाही:
प्रवाह = ०.०१८६ × लांबी × उंची × √उंची

लांबी ६० सेंमी आणि उंची १५ सेंमी असेल तर सिपोलेटीने ६४.८ आणि आयताकृतीने ६०.९ लिटर. चारीसाठी मी सिपोलेटीच सुचवेन. गणित सोपं, वाद कमी.

नाल्यावरच्या सिमेंट बंधाऱ्याच्या रुंद माथ्यावरून पाणी वाहत असेल तर ०.०१७ × लांबी × उंची × √उंची असा अंदाज येतो. १० मीटर लांब माथ्यावर २० सेंमी पाणी म्हणजे साधारण दीड क्युमेक. पुराच्या अंदाजाला पुरेसं, आकारणीला नाही.

बसवताना काय पाहायचं

पत्र्याचा काठ एक-दोन मिलिमीटर जाडीचा आणि माथा लेव्हलमध्ये. जाड पत्रा असेल तर पाणी पडतं त्या बाजूने तिरका घासलेला. माथ्यापासून मागच्या तळापर्यंतचं अंतर जास्तीत जास्त उंचीच्या दुप्पट तरी. लांबीच्या एक-तृतीयांशापेक्षा उंची जास्त होऊ देऊ नका, म्हणजे ६० सेंमीच्या नॉचवर २० सेंमीच्या वर नाही. ५-६ सेंमीच्या खालीही मोजू नका, पाणी काठाला चिकटतं. पलीकडच्या पाण्याची पातळी माथ्याच्या निदान ५-६ सेंमी खाली हवी आणि पडणाऱ्या पाण्याच्या चादरीमागे हवा खेळती हवी. नॉचमागचं पाणी संथ, सेकंदाला १५ सेंमीपेक्षा मंद हवं.

पट्टी नॉचवर लावायची नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. काठाजवळ येता येता पाणी खाली वाकतं, म्हणून पट्टी जास्तीत जास्त उंचीच्या चौपट अंतरावर मागे, कडेला लावतात. २० सेंमीसाठी ८० सेंमी मागे.

आणि पट्टीचा शून्य माथ्याच्या बरोबर पातळीला. व्ही-नॉचमध्ये माथा म्हणजे टोकाचा खालचा बिंदू. ही पातळी जुळवताना लोक पाणी माथ्यापर्यंत भरतात आणि पडायचं थांबलं की शून्य मारतात. ते चुकतं, कारण पृष्ठताणामुळे पाणी माथ्याच्या वर दोन-तीन मिलिमीटर तसंच अडून राहतं. गवंड्यांकडे असते ती पारदर्शक नळी घ्या, तिच्यातले हवेचे बुडबुडे काढा, एक टोक माथ्याला आणि दुसरं पट्टीला लावा. नळीतलं पाणी स्थिर झालं की खूण करा. दोघांनी मिळून पाच मिनिटांत होणारं काम आहे. प्रत्येक आवर्तनाच्या आधी जलसंपदा विभागाच्या माणसासमोर करा.

एवढी कडक काळजी का, ते घातांकात आहे. व्ही-नॉचमध्ये पाणी चढतं तशी वेगाबरोबर रुंदीही वाढते, म्हणून उंचीचा अडीचवा घात. आयताकृतीत रुंदी कायम, म्हणून दीडवा. छिद्रातून फक्त वेग बदलतो, म्हणून वर्गमूळ. उंची वाचताना १० टक्के चुकलात तर छिद्रात ५, आयताकृतीत १५ आणि व्ही-नॉचमध्ये जवळपास २५ टक्के चूक होते. खरी उंची १२ सेंमी आणि पट्टीने १३ दाखवली, तर ६.९ लिटरचे ८.४ होतात. एका सेंटिमीटरने २२ टक्के बिल वाढलं.

चूक कुणाच्या अंगावर पडते

पट्टीचा शून्य माथ्याच्या खाली घसरला असेल तर आकडा फुगतो आणि संस्थेच्या नावावर जास्त पाणी चढतं. नॉचमध्ये गवत, प्लास्टिक, काटक्या अडकल्या तर पाणी तुंबतं, उंची वाढते, प्रत्यक्ष पाणी कमी, पुन्हा नुकसान संस्थेचं. पलीकडे चारी तुंबून पाणी माथ्याच्या वर चढलं तर तेच. अलीकडे माथ्यावर २० सेंमी आणि पलीकडे १० सेंमी असेल तर प्रत्यक्ष प्रवाह सूत्रापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. खालच्या शेतकऱ्याने चारीत आडवं पोतं टाकलं तरी हे होतं आणि त्याचा भुर्दंड सगळी संस्था भरते.

उलट दिशेच्या चुका: पट्टी नॉचला चिकटून लावली तर उंची कमी दिसते. काठ गंजून गोल झाला तर पाणी सूत्रापेक्षा जास्त जातं. मागे गाळ साठला तर पाणी वेगात येतं आणि तेही मोजणीत पकडलं जात नाही. चादरीमागची हवा कोंडली, पत्र्याखालून गळती झाली तरीही नोंद कमी होते. या चुका संस्थेच्या फायद्याच्या वाटतात. पण वितरिकेवर दहा संस्था असतील तर हे न नोंदलेलं पाणी शेवटी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, संस्थेच्या वाट्यातूनच जातं. म्हणून दोन्हीकडच्या चुका सारख्याच निष्ठेने दुरुस्त करायच्या.

छिद्र, मोरी आणि पाइप

बुडालेल्या छिद्रातून, म्हणजे अर्धवट उघडलेल्या दारातून किंवा भिंतीतल्या चौकोनी मोरीतून जाणारं पाणी:

प्रवाह = ०.०२७ × क्षेत्रफळ (चौ. सेंमी) × √(पातळीतला फरक, सेंमी)

पाणी पलीकडे मोकळ्या हवेत पडत असेल तर फरक म्हणजे छिद्राच्या मध्यापासून अलीकडच्या पातळीपर्यंतची उंची. पलीकडेही छिद्र बुडालेलं असेल तर दोन पातळ्यांतला फरक. बुडालेल्या छिद्राला मध्यापासूनची उंची लावणं ही ठरलेली चूक, आणि ती नेहमी आकडा वाढवते. छिद्राची वरची कडा उघडी पडली तर ते छिद्र राहत नाही, वियर होतं. सूत्र बदला.

३० बाय २० सेंमीची मोरी, पातळ्यांत १२ सेंमी फरक: ०.०२७ × ६०० × ३.४६ = ५६ लिटर, म्हणजे जवळपास दोन क्युसेक.

कालव्याची पातळी थोडी वर-खाली झाली तरी छिद्राचा प्रवाह फारसा हलत नाही, म्हणून समान वाटपाला ते चांगलं. पण फरक लहान असेल तर सांभाळा. ४ सेंमी फरकात दोन्ही पट्ट्या एक-एक सेंमीने उलट दिशांना चुकल्या तर ४ऐवजी ६ वाचलं जातं आणि प्रवाह २२ टक्के जास्त दिसतो.

कालव्याच्या भरावातून काढलेला पाइप धारदार छिद्र नसतो. तोंडाशी, घर्षणात आणि बाहेर पडताना ऊर्जा जाते. १५ सेंमी व्यासाच्या, ६ मीटर लांब, बऱ्या स्थितीतल्या पाइपला ०.०२७च्या जागी साधारण ०.०२९ येतं. २५ सेंमी फरकाला २६ लिटर. पाइपात गाळ असेल तर हा आकडा सोडून द्या. मोजणी पाइपवर नको, पुढे नॉच बसवा.

चारी सपाट असेल तर फ्ल्यूम

नॉचला पाणी खाली पडायला जागा लागते. सपाट मुलखात ती नसते. तिथे चारी अरुंद करून पाणी वेगात काढणारा फ्ल्यूम बांधतात. आपल्याकडच्या कालव्यांवर दिसणारा स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम १९२०च्या दशकात मुंबई इलाख्यात सर क्लॉड इंग्लिस यांच्या कामातून रुजला. पुढे ते पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे संचालक झाले.

फ्ल्यूमला पलीकडची पातळी अलीकडच्या उंचीच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत चढली तरी चालते आणि गाळही साठत नाही. गळ्याची रुंदी गुणिले ०.०१६५ गुणिले उंची गुणिले √उंची एवढा अंदाज पुरतो. ५० सेंमी गळा आणि ३० सेंमी उंची म्हणजे १३६ लिटर. आकारणीसाठी मात्र त्या फ्ल्यूमचा मंजूर तक्ताच वापरायचा आणि तो तक्ता संस्थेच्या दप्तरात असलाच पाहिजे. नसेल तर मागून घ्या.

प्रवाहापासून घनमीटरपर्यंत

दिवसातून निदान तीनदा, ठरलेल्या वेळी पट्टी वाचा. दार हलवलं तर लगेच पुन्हा वाचा. प्रत्येक वाचनाचा प्रवाह आधी काढा, मग सरासरी घ्या. उंचीची सरासरी घेऊन एकदाच प्रवाह काढू नका. ६० सेंमीच्या सिपोलेटीवर बारा तास १० सेंमी आणि बारा तास २० सेंमी पाणी होतं असं धरा. प्रवाह ३५.३ आणि ९९.८ लिटर, सरासरी ६७.५, दिवसाचं पाणी ५,८३६ घनमीटर. उंचीची सरासरी १५ धरली तर ५,६०० घनमीटर. २३६ घनमीटर नोंदीतून गायब झालं, म्हणजे एकराची तीन इंचांची पाऊण भिजवण.

वहीत रकाने असे ठेवा: तारीख, वेळ, पट्टी, प्रवाह, आधीच्या वाचनापासूनचे तास, घनमीटर, संस्थेची सही, विभागाची सही, आणि शेरा. शेऱ्यात ‘नॉचमध्ये गवत, काढलं’ किंवा ‘पलीकडे पाणी माथ्यावर’ एवढंच लिहा, पण त्याच वेळी लिहा. आवर्तन संपल्यावर लिहिलेला शेरा कोणी मानत नाही. मोबाइलने पट्टीचा फोटो काढून ठेवला तर आणखी उत्तम.

पंपाच्या पाण्यावर व्ही-नॉच बसवला असेल तर तो पडताळायला २०० लिटरचा पिंप पुरतो. पिंप ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, आणि त्याला पट्टी साडेदहा सेंमीच्या आसपास दाखवायला हवी.

शेवटी चारीतली गळती. दोन नॉच बसवा, एक तोंडाशी आणि एक टेलला, आणि मधली सगळी तोंडं बंद ठेवून दोन्हीकडचा प्रवाह स्थिर होईपर्यंत थांबा. तोंडाशी ६५ आणि टेलला ४९ लिटर मिळाले तर १६ लिटर, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा वाटेत मुरतोय. दर तासाला ५८ घनमीटर. मग मधे तिसरा नॉच सरकवत नेऊन गळती कोणत्या तुकड्यात आहे ते शोधा आणि दुरुस्तीचा प्रस्ताव या आकड्यांसह द्या.